ओस वाड्यात पुन्हा दिवा लागावा



साताऱ्याच्या वा सांगलीच्या जुन्या पेठेत फेरी मारावी, एखादा ओस वाडा दिसतोच. दिंडी दरवाजा कलंडलेला, चौकात एरंड माजलेला. वारसदार पुण्या-मुंबईस, कोणी परदेशी. वाडा एका दिवसात पडत नाही. कौल सरकते, पाणी भिंतीत मुरते, तुळईचे टोक कुजते आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णाकाठच्या मातीच्या घरांनी हेच भोगले.

खंडाळा तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. ते घर शासनाने जतन केले; दरवर्षी त्या दिवशी तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. पण ज्या घरात कोणी थोर पुरुष वा स्त्री जन्मली नाही, त्याला वाली कोण?

याचे उत्तर महाबळेश्वरजवळच्या भिलारने दिले आहे. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. योजना शासनाची, पण ओसरी गावकऱ्यांची. प्रारंभी पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके मांडली गेली, त्यांतील कित्येक ठिकाणे म्हणजे राहती घरे. अनोळखी वाचकासाठी दार उघडणे ही सोपी गोष्ट नव्हे.

पेठेतील वाड्यासाठी हेच करता येईल. मात्र क्रम चुकता कामा नये. प्रथम सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. एकाचाही विरोध राहिला, तर श्रमदानाचे रूपांतर कज्ज्यात होते. वास्तू काही वर्षांसाठी घ्यायची तर भाडेपट्टा नोंदणीकृत असावा, म्हणजे मालकाला घर गमावण्याची भीती उरत नाही. मग छप्पर, कारण वरून पाणी येत असता खालची डागडुजी व्यर्थ. भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा. सिमेंट मातीच्या भिंतीतील ओल कोंडते आणि भिंत आतून पोखरते. जुन्या गवंड्यांकडे ही विद्या आहे. ती त्यांच्यासोबत जाण्याआधी तरुणांनी हाती घ्यावी.

शेवटी वापर. सकाळी मुलांची अभ्यासिका, दुपारी भगिनींचा शिवणवर्ग, सायंकाळी वृद्धांची बैठक. रोज केर निघणाऱ्या घरात वाळवी लवकर नजरेस येते.

परगावी गेलेल्या वारसदाराला आज एक पत्र लिहावे. पावसाळा त्याच्या उत्तराची वाट पाहणार नाही.