सरकारी वाहतुकीच्या निविदा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा एखादा गंभीर तात्त्विक विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांची चूल मालमोटारींवर चालते, आणि त्यांतील तरुण अलीकडे सरकारी निविदा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेऊ लागले आहेत. तेव्हा त्याच विषयाचा विचार आज करू.

पूर्वी सरकारी ठेक्याची निविदा मोहोरबंद लिफाफ्यात घालून कचेरीतील पेटीत टाकावी लागे. कागद इंग्रजीत असत. ज्याच्या पदरी जाणता कारकून, त्याला ठेका मिळण्याची आशा. इतरांनी त्याच्या हाताखाली गाड्या लावाव्यात, अशी रीत होती. आज पेटी गेली. केंद्र सरकारची जेम ही बाजारपेठ 2016 साली सुरू झाली, राज्याच्या निविदा महाटेंडर्सवर निघतात, आणि सहीदेखील डिजिटल झाली. पण कारकुनाची अडचण मात्र राहिलीच. धान्य गोदामापासून रास्त भावाच्या दुकानापर्यंत पोहोचविण्याच्या साध्या कामाची निविदाही पुष्कळदा शंभर पाने भरते. बयाणा रक्कम एका पानावर, तिच्या माफीची अट दुसऱ्या पानावर, आणि या दोहोंना बदलणारे शुद्धिपत्रक आठ दिवसांनी निघते!

अशा वेळी नवे यंत्र खरोखर उपयोगी पडते. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि त्यानंतर अशी अनेक साधने निघाली. शंभर पाने त्यांच्यापुढे ठेवून अटी, तारखा, दाखले, दंडाची कलमे यांची मराठी यादी मागावी; ती काही क्षणांत मिळते. शुद्धिपत्रकाने काय बदलले, निविदापूर्व बैठकीत कोणते प्रश्न विचारावेत, हेही ते सुचविते. केंद्राच्या खरेदीत सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी वार्षिक 25 टक्क्यांचे उद्दिष्ट आहे, त्यात महिला उद्योजकांसाठी 3 टक्के आहेत, आणि पात्र उद्योगास बयाणा रकमेची माफी मिळते. ही गोष्ट किती बांधवांस ठाऊक होती? माहितीअभावी हक्क सोडणे हे दारिद्र्याचे एक कारणच होय.

तथापि ‘जिंकून देणारी निविदा यंत्र लिहिते’ हा बोलबाला आम्हांस मान्य नाही. बहुतेक वाहतूक निविदांत दोन लिफाफे असतात. तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडतो, आणि सर्वांत कमी दराच्या माणसास काम मिळते. तेथे भाषेच्या अलंकाराला कवडीचे मोल नाही. जेथे गुणवत्तेलाही गुण असतात, तेथेच कामाच्या आराखड्याचे लेखन उपयोगी पडते. एरवी यंत्राचे काम एवढेच, की कागदाच्या चुकीमुळे आपण बाद होऊ नये.

पण यंत्रामुळेच बाद होण्याचा प्रसंग आमच्यावर आला, तो सांगितलाच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी पेढीची माहिती यंत्राला देऊन निवेदन लिहविले. मजकूर इतका सफाईदार होता की आम्ही न वाचताच संमती दिली. आमच्या गाड्या चौदा. यंत्राने ‘पंचवीस मालमोटारींचा ताफा’ असे लिहिले. सोबत नोंदणीपुस्तके चौदाच! छाननीत ही विसंगती उघड झाली आणि निविदा बाजूला पडली. दोष कचेरीचा नव्हता, दोष आमचा. या यंत्राला असत्य बोलण्याची लाज नाही, कारण सत्य म्हणजे काय हेच ते जाणत नाही. सही मात्र आपली असते. खोट्या निवेदनापायी बयाणा जप्त होऊ शकतो, पेढीवर बंदीही येऊ शकते. त्या वेळी ‘यंत्राने लिहिले’ ही सबब कोण ऐकणार?

दुसरा धोका दराचा. उदाहरणार्थ असे धरू, की गाडीत 16 टन माल, गोदाम 60 किलोमीटरवर, गाडीची सरासरी लिटरला 4 किलोमीटर, डिझेल 90 रुपये. यंत्राने केवळ जाण्याचे अंतर धरले, तर डिझेलचा खर्च टनामागे सुमारे 84 रुपये येतो. परंतु गाडी रिकामी परतते! तो खर्च धरला, तर रिकाम्या गाडीची सरासरी तीच मानली तरी 169 रुपये होतात. दहा हजार टनांच्या ठेक्यात हा फरक साडेआठ लाखांच्या घरात जातो. सर्वांत कमी दर म्हणून ठेका मिळेल, पेढे वाटले जातील, आणि सहा महिन्यांत गाडी विकावी लागेल. गोदामावरची खोळंबा, टायरची झीज, चालकाचे वेतन हे जो रस्ता चालला आहे त्यालाच कळते. म्हणून दर माणसाने काढावा. यंत्राने फार तर बेरीज तपासावी, आणि तीही आपण पुन्हा तपासावी.

आता शेवटचा व नाजूक मुद्दा. मंडळाने निविदा साहाय्य केंद्र काढावे, अशी सूचना आली आहे. तिला आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. परंतु ‘दरही एकत्र बसून ठरवू, या खेपेस तुम्ही, पुढच्या खेपेस आम्ही,’ असे काही बांधव खाजगीत म्हणतात. हे ऐकावयास बंधुभावाचे वाटते. पण कायद्याच्या दृष्टीने ते संगनमत आहे. स्पर्धा अधिनियम, 2002 याच्या कलम 3 अन्वये असा करार निषिद्ध असून, अशा गटास नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यांत जे अधिक असेल तेथपर्यंत दंड होऊ शकतो. चार नातलगांच्या निविदा एकाच संगणकावरून, एकाच यंत्राच्या एकसारख्या वाक्यांत गेल्या, तर संशयास तेवढेही पुरे. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी हा पैसा कोणाचा? रास्त भावाच्या दुकानापुढे रांगेत उभ्या असलेल्या गरिबाचा. त्याच्या ताटातून काढून ज्ञातीचे भले होणार नाही.

म्हणून केंद्रासाठी आम्ही तीन नियम सुचवितो. केंद्राने निविदा वाचावयास शिकवावे, परंतु कोणाचाही दर विचारू नये व कोणत्याही यंत्रात भरू नये. यंत्राने लिहिलेला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहिल्यावाचून सही होऊ नये. आणि हे शिक्षण मुलांप्रमाणे मुलींनाही, गाडीमालकाप्रमाणे चालकालाही मिळावे. कारण आजचा चालक हाच उद्याचा मालक.

आमच्या वडिलांच्या पिढीने इंग्रजी न आल्यामुळे दुसऱ्याच्या हाताखाली गाड्या हाकल्या. आपल्या मुलांना ती अडचण राहिलेली नाही. परंतु वाचून देणारे यंत्र मिळाले म्हणून त्यांनी स्वतः वाचण्याचे सोडले, तर मालक तेवढा बदलेल, ताबेदारी तीच राहील. तसे होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.