रोमच्या बायका आणि तिथले राज्यकर्ते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. रोमन लोकांच्या इतिहासावर बोला, असे मला सांगण्यात आले, तेव्हा वाचनालयातून पुस्तके आणली आणि दुपारची कामे आवरल्यावर जमेल तसे वाचले. पानेच्या पाने राजांनी आणि लढायांनी भरलेली. पण त्यांत दोन प्रसंग बायकांचे सापडले. तेच आज सांगते.

आधी थोडी ओळख. रोम शहर इ. स. पूर्व ७५३ साली वसले, अशी तिकडची परंपरागत समजूत आहे. आरंभी तिथे राजे होते. इ. स. पूर्व ५०९ च्या सुमारास राजाला हाकलून लोकांनी दरवर्षी दोन कॉन्सल निवडण्याची पद्धत सुरू केली. सल्लामसलतीला सिनेट नावाची मानकऱ्यांची सभा असे. मात्र मत द्यायचे ते पुरुषांनी आणि अधिकाराची पदे भूषवायची तीही पुरुषांनीच.

इ. स. पूर्व २१६ साली कॅनी येथे कार्थेजच्या हॅनिबलने रोमच्या फौजेचा धुव्वा उडविला. घरोघर रडारड झाली. खजिना रिता झाला. पुढच्याच वर्षी ऑपियन कायदा आला. कोणत्याही बाईने अर्ध्या औंसाहून, म्हणजे आपल्या सुमारे सव्वा तोळ्याहून, जास्त सोने बाळगू नये. रंगीबेरंगी वस्त्र नेसू नये. धर्मकार्य सोडून एरवी शहरात गाडीत बसू नये. संकटकाळ होता. बायकांनी ते सोसले.

पुढे इ. स. पूर्व २०१ साली युद्ध संपले, रोम जिंकले, पैसा आला. पुरुषांचे जांभळ्या काठांचे झगे पुन्हा मिरवू लागले. बायकांवरचा कायदा मात्र जागच्या जागी! अखेर इ. स. पूर्व १९५ साली तो रद्द करण्याचा ठराव आला, तेव्हा बायका घराबाहेर पडल्या. आसपासच्या गावांतूनही आल्या. सभेला जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला रस्त्यात गाठून त्यांनी विनवण्या केल्या. कॉन्सल केटो खवळला. नवऱ्यांनी आपापल्या बायकांना घरातच आवरले असते तर ही वेळ आली नसती, असा त्याच्या बोलण्याचा रोख. लुसियस व्हॅलेरियस याने बायकांची बाजू घेतली. तुमचा घोडा तुमच्या बायकोपेक्षा नटलेला दिसेल, असे त्याने पुरुषांना सुनावले. ही भाषणे लिव्ही या इतिहासकाराने पुष्कळ वर्षांनी लिहिली, तेव्हा शब्द त्याचेच असणार. दोन अधिकारी ठराव अडवून बसले होते. बायकांनी त्यांच्या दारात ठाण मांडले आणि ते माघार घेईपर्यंत हलल्या नाहीत. कायदा रद्द झाला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सभेत बायकांच्या विरुद्ध बोलला तो पुरुष आणि बाजूने बोलला तोही पुरुषच.

आता दुसरा प्रसंग. ज्युलियस सीझरचा खून इ. स. पूर्व ४४ साली झाला. नंतर ऑक्टेव्हियन, मार्क अँटनी आणि लेपिडस या तिघांनी सत्ता हाती घेतली. आपसांतल्या लढाईला पैसा हवा, म्हणून इ. स. पूर्व ४२ साली त्यांनी १४०० श्रीमंत बायकांवर कर बसविण्याचा हुकूम काढला. बायका आधी रीतीप्रमाणे त्यांच्या घरच्या बायकांकडे गेल्या. ऑक्टेव्हियनच्या बहिणीने आणि अँटनीच्या आईने त्यांचे ऐकून घेतले. अँटनीची बायको फुल्व्हिया हिने मात्र दारातूनच घालवून दिले. मग त्या थेट चौकात गेल्या आणि हॉर्टेन्शिया बोलायला उभी राहिली. तिचे वडील नामांकित वक्ते होते.

तिचे म्हणणे सरळ होते. राज्यकारभारात, पदांत, मानात आम्हांला वाटा नाही, तर कर आम्ही का द्यावा? परका शत्रू आला तर आमच्या आयांनी दिले तसे दागिने आपखुशीने देऊ. पण आपसांतल्या भांडणाला देणार नाही. ते तिघे संतापले, शिपायांना बायकांना हटवायला सांगितले. पण लोकांनीच आरडाओरडा केला, तेव्हा हात आवरावा लागला. दुसऱ्या दिवशी १४०० चा आकडा ४०० वर आला आणि श्रीमंत पुरुषांवरही बोजा पडला.

पुरता विजय नव्हे, हे खरे. यातलाच ऑक्टेव्हियन इ. स. पूर्व २७ साली ऑगस्टस या नावाने पहिला सम्राट झाला आणि पुरुषांच्या मतालाही फारसा अर्थ उरला नाही. इटलीतल्या बायकांना मताचा हक्क मिळायला १९४५ साल उजाडावे लागले. आपल्याला तो राज्यघटनेने १९५० सालीच दिला.

भगिनींनो, हॉर्टेन्शियाकडे मत नव्हते, तरी ती बोलली. आपल्याकडे मत आहे. पण पाणीपट्टीचा विषय निघाला की सभेत मागच्या रांगेत बसून आपण शेजारणीच्या कानात बोलतो. नळाला पाणी किती वेळ येते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? आपल्या वतीने कोणी व्हॅलेरियस उभा राहील, म्हणून किती दिवस वाट पाहायची? पुढच्या सभेत आपल्यातल्या एकीने तरी उठून बोलावे, एवढीच माझी विनंती.