एका नावाचा फेरफार



गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याहून पुण्याला शिकायला निघालेली मुलंमुली निघायच्या आधी मला फोन करतात. त्वरिता देवीच्या डोंगराला पाया पडून झालेलं असतं, खोली कॉट बेसिसवर ठरलेली असते, मेसची चौकशी झालेली असते. मग प्रश्न येतो : "दादा, जावाचा क्लास लावू का? की जावा आता संपली?" घरच्यांनी कापूस विकून फीचे पैसे उभे केलेले असतात. असा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उडवून लावणं मला कधी जमलं नाही. म्हणून आज जरा निवांत बोलतो.

क्लासच्या पाटीवर बहुधा 'जे टू ईई' असं लिहिलेलं असतं. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर केली आणि १९९९ च्या डिसेंबरात तिच्यावर उभारलेला मोठा संच आणला, त्याचं हे नाव. २००६ मध्ये तो 'जावा ईई' झाला आणि २०१८ मध्ये 'जकार्ता ईई'. पाटीवरचं नाव जुनं आहे, पण त्याखाली शिकवली जाणारी वस्तू जिवंत आहे.

ही वस्तू काय करते? समजा, साखर कारखान्याने उसाचं बिल शेतकऱ्याच्या खात्यावर टाकलं. कारखान्याच्या खात्यातून रक्कम वजा व्हायची, शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हायची. मधल्या क्षणी लाइट गेली तर? दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही, याची हमी कुणाला तरी घ्यावी लागते. हजार माणसं एकाच वेळी संकेतस्थळावर आली तर त्यांना आळीपाळीने सेवा द्यावी लागते, कुणाला काय पाहण्याचा अधिकार आहे ते तपासावं लागतं. ही कामं प्रत्येक प्रोग्रामरने पहिल्यापासून लिहीत बसू नयेत म्हणून हा संच. तो आधी नियमांचं पुस्तक आहे. त्या नियमांबरहुकूम चालणारे सर्व्हर आले : आयबीएमचा वेबस्फीअर, बीईएचा वेबलॉजिक, जेबॉसवाल्यांचा त्यांचा स्वतःचा. नियमांतला वेबचा भाग अपाचेच्या टॉमकॅटने उचलला, तोही फुकट. बँकेने पुढे सर्व्हर बदलला तरी लिहिलेलं काम फारसं वाया जाऊ नये, हा हेतू. नंदुरबारच्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. त्या आधारच्या यंत्रणेतही जावा आणि खुली साधनं आहेत.

मग संपण्याची भीती कुठून आली? नियमांचं पुस्तक कुणाच्या कपाटात, या प्रश्नातून आली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. २०१३ मध्ये जावा ईईची सातवी आवृत्ती आली आणि त्यानंतर काम मंदावलं. २०१६ पर्यंत तर जगभरचे प्रोग्रामर 'जावा ईई गार्डियन्स' म्हणून एकत्र येऊन, हे चालू ठेवा नाहीतर आमच्या हाती द्या, असं उघड म्हणू लागले. त्याच वर्षी काही कंपन्यांनी 'मायक्रोप्रोफाइल' नावाची वेगळी वाट काढली.

आपल्या गेवराई तालुक्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. जायकवाडीचा उजवा कालवा आपल्या तालुक्यातून माजलगावकडे जातो. धरणात पाणी आहे, कालवा आहे, चारी आहे, पण दार उघडायचं कधी हे दूरच्या कचेरीत ठरतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाण्याच्या टंचाईइतकीच पाळीच्या अनिश्चिततेची धास्ती असते. पाणी येईल याची खात्री नसेल तर तो गहू पेरतच नाही. जावा ईईचं तेच झालं. संच उत्तम होता, पण पुढची आवृत्ती येईल की नाही हे कळेना, तेव्हा नवं काम त्यावर पेरायला कंपन्या कचरू लागल्या.

कालव्याच्या या दुखण्यावर महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. पाणी मोजून पाणीवापर संस्थेच्या हवाली करायचं आणि वाटप शेतकऱ्यांनी करायचं. संस्थेच्या कारभारात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना जागा. सगळीकडे हे कागदावर आहे तसं चालतं असं नाही, पण टेलच्या माणसाला खुर्ची द्यायची हा विचार मला फार मोलाचा वाटतो. जावा ईईचंही पुढे असंच झालं. सप्टेंबर २०१७ मध्ये ओरॅकलने हा संच एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवायचं ठरवलं. तिथल्या समित्यांत मोठ्या कंपन्या आहेत, तशीच प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीलाही जागा आहे. सर्व्हर नियमांत बसतो की नाही हे तपासणाऱ्या चाचण्याही खुल्या झाल्या. पूर्वी त्या परवान्याच्या कुलपात होत्या. माझ्या मते या सगळ्या हस्तांतरातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. नियम सगळ्यांना वाचता येत होते. परीक्षा मात्र सगळ्यांना देता येत नव्हती.

एक गाठ तेवढी सुटली नाही. 'जावा' हे नाव ओरॅकलच्या मालकीचं. कोडमध्ये शेकडो ठिकाणी 'जावाएक्स' या शब्दाने सुरू होणारी नावं होती. ती आहेत तशी वापरा, पण त्यांच्यात पुढे बदल करायचा नाही, अशी अट राहिली. २०१९ च्या मे महिन्यात बोलणी थांबली. मग डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये ते सगळे 'जावाएक्स' पुसून 'जकार्ता' लिहिले गेले.

तलाठ्याकडे फेरफार होतो ना, तसंच हे. जमीन तीच, बांध तेच, विहीर तीच. सातबाऱ्यावरचं नाव बदललं, की त्या नावावर काढलेलं पीककर्ज, विमा, सोसायटीचा दाखला, सगळीकडे दुरुस्ती करत फिरावं लागतं. एक ठिकाण राहिलं की काम अडतं. मी हे एका जुन्या प्रणालीवर स्वतः केलं आहे. सगळीकडे एकदम शब्द बदलून टाकला तर घोटाळा होतो, कारण 'जावाएक्स डॉट एसक्यूएल'सारखी काही नावं मूळ जावाचीच आहेत, त्यांना हात लावायचा नसतो. कुठलं नाव कुठल्या घरातलं, हे माहीत असावं लागतं. तीन रात्री मी त्या यादीशी बसलो होतो आणि कॉलेजात पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा त्या तीन रात्रींनी मला जास्त शिकवलं.

२०२२ च्या नोव्हेंबरात स्प्रिंग या जावातल्या तयार चौकटीची सहावी आवृत्ती आली. जावाच्या नोकरीच्या जाहिरातींत हे नाव वारंवार दिसतं. स्प्रिंगनेही 'जकार्ता' हेच नाव घेतलं. म्हणजे 'आम्ही स्प्रिंग शिकतो, आम्हाला जकार्ताशी काय करायचंय' असं म्हणणाऱ्या मुलाच्या कोडच्या पहिल्या ओळींतही ते आहेच. इतकं मोठं स्थलांतर झाल्यावर एखादं तंत्र निष्प्राण होतं. या संचाचं तसं झालं नाही. जून २०२५ मध्ये जकार्ता ईई ११ आलं. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये हलके, आभासी धागे आले होते. थोड्या यंत्रांवर कितीतरी जास्त ग्राहक सांभाळायची ती सोय आता या संचालाही वापरता येते.

नवी कामं नोड, पायथन, गो यांच्याकडे जातात, आणि जावीत. लहान दुकानाच्या संकेतस्थळाला हा संच जड पडतो हे मी मोकळेपणाने सांगतो. पण बँका, विमा, रेल्वे, सरकारी खाती यांनी पंचवीस वर्षांत लिहून ठेवलेलं काम कुठे जाणार? त्यातलं बरंच अजून जुन्या नावावर उभं आहे. कोड लिहून देणारी एआयची साधनं आली, तीही मधूनच जुनं 'जावाएक्स' लिहून देतात, कारण ती जुनंच वाचून शिकलेली. ते ओळखणारा माणूस लागतो.

पुण्यात हर्षद ओक यांच्या इंडिकथ्रेड्सने २००६ पासून जावाच्या परिषदा भरवल्या. सी-डॅकच्या डॅक अभ्यासक्रमातून मराठवाड्याची कितीतरी मुलं या कामात शिरली. ती वाट अजून उघडी आहे.

तर, क्लास लाव. फक्त पहिल्या दिवसापासून स्प्रिंगची तयार चौकट घेऊन बसू नकोस. आधी टॉमकॅट उतरवून घे, दहावी आवृत्ती किंवा तिच्या पुढची, आणि एक सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारा छोटा जावा प्रोग्राम, हाताने लिही. ब्राउझरमध्ये स्वतःच्या गावाचं नाव उमटव. मग डेटाबेसमध्ये दोन खाती कर, एकातून दुसऱ्यात शंभर रुपये पाठव आणि मध्येच मुद्दाम प्रोग्राम बंद पाड. पैसे कुठे गेले ते बघ. नियमांचं सगळं पुस्तक जकार्ताच्या संकेतस्थळावर फुकट आहे. इंग्रजी जड वाटलं तर रोज एक पान वाच, अडलं की फोन कर. नवरात्रात मी गावी येतोच आहे, लॅपटॉप घेऊन ये.