एकाच तालुक्यातील दोन प्रदेश
(वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



राज्यातील मागास विभागांची चर्चा निघाली म्हणजे विदर्भ-मराठवाड्याकडे बोट दाखविले जाते, आणि ते योग्यही आहे. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला तो जिल्हावार. पुणे जिल्हा म्हटला की तो प्रगत. जुन्नर व आंबेगाव हे तालुकेही मग आपोआप प्रगतांत जमा होतात. पण जुन्नर शहर सोडून नाणेघाटाच्या वाटेला लागले, की हा जमाखर्च जुळत नाही.

डोंगराकडील गावांत पाऊस उदंड. भात, नाचणी, वरई निघते, हिरडा वेचला जातो, आणि पुढे शेत रिकामे. ते पाणी माणिकडोह, डिंभे, पिंपळगाव जोगे येथील धरणांत साठते व कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, पार कर्जत-करमाळ्यापर्यंत जाते. नारायणगावच्या परिसरात टोमॅटो, द्राक्षे, ऊस पिकतो. यात गैर काही नाही. पाणी उताराकडेच जाणार. परंतु वरची माणसेही त्या पाण्यामागोमाग उतरतात आणि नारायणगावच्या मजूरबाजारात सकाळी रोजगाराची वाट पाहत उभी राहतात, हे कोणत्याही सरासरीत दिसत नाही. आईबाप असे बागायतीत गेले म्हणजे मुलाच्या शाळेकडे कोणी पाहावे? आश्रमशाळा आहेत, पण त्या प्रामुख्याने आदिवासी मुलांसाठी; डोंगरगावांत एखाददुसरे घर असलेल्या आपल्या ज्ञातीने केवळ त्यांवर विसंबून चालणार नाही.

२०११ साली नेमलेल्या केळकर समितीने तालुका हे एकक धरले, हे पाऊल पुढचे खरे. आमच्या मते येथे तेही पुरे पडत नाही. मोजणी गावाची व्हावी.

सरकार करील तेव्हा करो. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती केवळ गुणांच्या टक्केवारीवर दिली जाते. मंचर-ओतूरच्या मुलास शिकवणी लाभते. डोंगराकडील मुलास दहावीनंतर रोज एस. टी. गाठावी लागते. दोघांस एकाच काट्याने तोलणे आम्हांस पटत नाही. तेव्हा आमची सूचना अशी, की निम्मी रक्कम पश्चिमेकडील गावांसाठी राखावी, आणि ती जुन्नर व घोडेगाव येथे विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाच्या खर्चासाठी द्यावी. मुलींचा विचार आधी व्हावा, एस. टी. चुकू लागली की प्रथम घरी बसते ती मुलगीच. पुण्यामुंबईच्या सभासदांची यास हरकत असेल, तर त्यांनी ती सर्वसाधारण सभेत अवश्य मांडावी. आम्ही तेथे उत्तर देऊ.