उघडं घर टिकतं
(मंडळाच्या मासिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, आणि एस्टिमेट व मेजरमेंट बुक यांच्या पलीकडे फारसं लिहिलेलं नाही. तरी दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे इटलीत मिलान शहरी दहा दिवस राहिलो, त्याबद्दल बोलावं असा आग्रह झाला, म्हणून उभा आहे.

मी गेलो ऑगस्टमध्ये. १५ ऑगस्टला तिथेही सुट्टी असते, 'फेर्रागोस्तो' नावाची. त्या सुमारास निम्मं मिलान समुद्राकडे नाहीतर डोंगराकडे जातं. मला वाटलं, शहरात आता बघायला कोण येणार? पण भाच्याने मला 'व्हिला नेक्की कांपिल्यो' या बंगल्यात नेलं, तर तिथे इटालियन कुटुंबंच जास्त. हा बंगला १९३२ ते १९३५ या काळात पिएरो पोर्तालुप्पी या आर्किटेक्टने बांधला. मालक शिवणयंत्रं बनवणाऱ्या नेक्की घराण्यातले. माझ्या शेजारी उभी असलेली एक आजी नातवाला काही सांगत होती. भाचा म्हणाला, "मामा, ती म्हणतेय, आमच्या घरी नेक्कीचंच मशीन होतं." आपल्या आजीच्या उषा मशीनची आठवण झाली.

हे घर २००१ साली 'फाई' या संस्थेला दान मिळालं आणि २००८ मध्ये लोकांसाठी उघडलं. 'फाई' म्हणजे १९७५ साली स्थापन झालेली, वारसा जपणारी बिनसरकारी संस्था. १९९३ पासून ती दर वसंतात, मार्चच्या सुमारास, एरवी बंद असणाऱ्या वास्तू लोकांसाठी उघडते आणि माहिती द्यायला शाळेतली मुलं उभी असतात. मार्च एंडिंगला आम्हाला रजा कुठली, त्यामुळे ते बघता आलं नाही. पण मनात तेच राहिलं.

पुढे व्हिचेन्झाला गेलो. सोळाव्या शतकातला पाल्लाद्यो तिथला मोठा वास्तुकार. त्या प्रदेशातले त्याचे २४ व्हिला आज जागतिक वारसा यादीत आहेत. लांबून खांब दगडी वाटतात. जवळ जाऊन गिलावा पडलेला भाग पाहिला, तर आत वीट! वीट आणि वर चुन्याचा गिलावा. त्यातले बरेच व्हिला म्हणजे शेतीची घरं, बाजूला धान्य आणि अवजारांच्या पडव्या. थोडक्यात, आपल्या वाड्यांचेच भाऊबंद.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे.

आमचा जुन्या शहरात वाडा होता. वीट, चुना, सागवानी खांब. २००६ साली दक्षिणेच्या भिंतीला ओल आली. काकांनी विश्वासाने विचारलं, "तू इंजिनियर, सांग काय करायचं." मी चुना खरवडून सिमेंटचा जाड गिलावा करायला सांगितला. दोन वर्षं भिंत सुरेख दिसली. पण चुन्याची भिंत श्वास घेते. आत शिरलेलं पाणी चुन्यातून बाहेर सुकतं. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल आतच राहिली, विटांना लोणा लागला, तुळयांची भिंतीतली टोकं कुजली. सहा वर्षांत वाडा धोकादायक ठरला आणि पाडावा लागला. आज तिथे फ्लॅट आहेत. दिंडी दरवाजाची कडी तेवढी माझ्याकडे आहे. दोष पावसाचा नव्हता, माझा होता. व्हिचेन्झाच्या त्या खांबापाशी हे मला कळलं.

रंगवलेल्या भिंतींचंही तसंच. पिसाला सगळे झुकत्या मनोऱ्यासाठी जातात. पण स्टेशनजवळ एका चर्चच्या मठाच्या मागच्या भिंतीवर कीथ हेरिंग या अमेरिकन चित्रकाराने १९८९ मध्ये काढलेलं सुमारे १८० चौरस मीटरचं चित्र आहे. चित्र रस्त्यावर आहे, तिकीट नाही. बोलोन्याजवळच्या दोत्सा गावात तर १९६० च्या दशकापासून चित्रकारांना बोलावून घरांच्या भिंती रंगवून घेतात. लोक त्याच घरांत राहतात, कपडेही तिथेच वाळत घालतात.

नवंही त्यांनी नाकारलेलं नाही. मिलानमध्ये २०१४ साली पूर्ण झालेले 'बोस्को व्हेर्तिकाले' हे दोन मनोरे आहेत, गॅलऱ्यांत सुमारे ८०० झाडं. माझा पहिला प्रश्न, मेंटेनन्स कोण करतं? माळी दोरावरून खाली उतरून छाटणी करतात. म्हणजे नवं असो की जुनं, इमारत देखभालीवरच उभी राहते.

आता आपलं बडोदं. लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझाइकची आहे. तिथले पुतळे घडवणारा ऑगस्टो फेलिची हा इटालियन बडोद्यात राहून काम करून गेला. रावपुऱ्यात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे, भिंतीभिंतींवर कृष्णलीला आणि युद्धाचे प्रसंग. आपल्यातल्या किती जणांनी तो मुलांना दाखवला आहे? हात वर करू नका, मी स्वतः चाळिशीनंतर पाहिला.

म्हणून एक सूचना मांडतो. पुढच्या गणेशोत्सवात एका रविवारी, ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी दोन तास दार उघडं ठेवावं. दिवाणखाना आणि चौक एवढंच दाखवायचं. माहिती घरातल्या मुलांनी सांगावी, आजोबांना विचारून, आणि मराठीत. चहा मंडळाचा.

माझ्याकडून एवढंच : ज्याला हवं त्याच्या घरी येऊन ओल कुठून येते, पन्हळ कुठे तुंबली आहे, हे मी विनामूल्य पाहून लिहून देईन. आणि तोवर, चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवू नका. कोणी इंजिनियर सांगत असला तरी.

गणपती बाप्पा मोरया!