लीला राव यांचा एक सामना

भारतीय स्त्रियांच्या टेनिसचा विषय निघाला की सानिया मिर्झा हे नाव येतं. थोडं मागे जाणारे निरुपमा वैद्यनाथनचं नाव घेतात. १९९८च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ती पहिली फेरी जिंकली. खुल्या युगात असं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. पण खुलं युग, म्हणजे व्यावसायिकांनाही खेळू देणारा काळ, सुरू झालं १९६८ला! त्याच्या चौतीस वर्षं आधी, १९३४मध्ये, मुंबईच्या लीला राव यांनी विम्बल्डनला ग्लॅडिस साउथवेल यांना हरवलं होतं. तिथे एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री त्याच. साल विसरू नका, एकोणीसशे चौतीस.

कुणी म्हणेल, एकच तर सामना. पुढच्या फेरीत ईदा अदामॉफकडून हरल्याच ना? नागोठण्याच्या शेतकऱ्याने तरी असं म्हणू नये. आपण शेण, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजतो, त्यात भात पेरतो, रोप वीतभर झालं की उपटून खाचरात लावतो. कापणीच्या वेळी राबाच्या तुकड्याकडे कोण बघतं? तिथे किती भात पिकलं असं कुणी विचारत नाही, रोप कसं आलं ते विचारतात. लीलाबाईंचं रोप जोमाचं होतं, त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींची लावणी मात्र रेंगाळली. त्याचा दोष रोपाला कसा द्यायचा?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. लीलाबाई सुस्थितीतल्या. वडील डॉक्टर, आई क्षमा राव ‘सत्याग्रहगीता’ लिहिणाऱ्या संस्कृत कवयित्री आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या, आजोबा संस्कृत पंडित शंकर पांडुरंग पंडित. हे मान्यच. हौशी खेळाडूंच्या त्या काळात विजेत्यालाही बक्षिसाची रक्कम मिळत नसे, आठदा विम्बल्डन जिंकलेल्या अमेरिकेच्या हेलन विल्सलाही नाही. बोटीने विलायत गाठायची तर घरी पैसा हवाच, म्हणूनच लावणी रेंगाळली. पण पैशाने मिळतं ते बोटीचं तिकीट. कोर्टावर समोरचीला हरवावं स्वतःलाच लागतं. मुंबईत पैसेवाल्या घरच्या लेकी काय कमी होत्या? १९३४ साली जिंकली ती एकच.

शिक्षकांना एवढीच विनंती : शाळेच्या फळ्यावर खेळाडूंची नावं लिहाल तेव्हा सानियाच्या वर एक ओळ ठेवा. लीला राव, विम्बल्डन, १९३४.