बांधण्याआधी विचारा

आजचं भाषण अठरा वर्षांवरच्या श्रोत्यांसाठी आहे. लेकरं जागी असतील तर रेडिओ थोडा वेळ बंद ठेवा.

मोबाइलवरून मागवलेलं सामान आता अर्धापूरच्या केळीच्या बागेतल्या आखाड्यावरही पोचतं. त्यात शृंगारात हातपाय बांधायला वापरतात ती बॉन्डेज टेपही असते. दोन सज्ञान माणसांनी आपल्या खोलीत काय करावं, हा त्यांचा प्रश्न. मला बोलायचंय ते इजा कशी टळेल याबद्दल, आणि बांधून घेणाऱ्याला खरंच विचारलं होतं का, याबद्दल.

या विषयांवर मराठीत उघड बोलायची वाट रघुनाथ धोंडो कर्व्यांनी पाडली. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि 1953 मध्ये जाईपर्यंत ते चालवलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं. कामसुखावर स्त्रीचाही तितकाच हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात ठासून सांगितलं. आजही कितीतरी घरांत बायकोला तिची इच्छा कुणी विचारत नाही. जिथं साधा प्रश्न विचारायची सवय नाही, तिथं टेपचं बंडल उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोलणं आधी व्हावं, दिवसाउजेडी, कपडे अंगावर असताना. काय चालेल, काय मुळीच नाही, किती वेळ, हे सगळं ठरवा. दारू प्यायलेल्या माणसाचा होकार धरू नका. थांबण्यासाठी एक शब्द ठरवा. ‘हळद’ म्हणा, ‘आसना’ हे नदीचं नाव म्हणा, शृंगारात एरवी तोंडी येणार नाही असा कोणताही. तो ऐकला की त्या क्षणी सगळं थांबलं पाहिजे, रुसवाफुगवा न करता. आणि ठरलेला शब्द सुचला नाही, नुसतं ‘नको’ म्हटलं किंवा माणूस एकदम गप्प झाला, तरीही थांबायचंच. काल हो म्हटलं होतं म्हणून आज हो, असं धरायचं नाही.

आता टेपकडे येऊ. ती साधारण दोन इंच रुंदीची, चकचकीत, गोंद नसलेली पट्टी असते. स्वतःलाच चिकटते, कातडीला नाही, केसांना नाही. तिच्या जागी खोक्याची खाकी चिकटपट्टी किंवा वायरमनची काळी टेप वापराल तर काढताना कातडी सोलवटून निघेल. टेप सपाट गुंडाळा, ओढून ताणू नका. कडा गोळा होऊन तिची दोरी झाली की ती मांसात रुतते. टेप आणि कातडी यांच्यात दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. कोपराची आतली बाजू, दंडाचा मागचा भाग आणि गुडघ्याची बाहेरची बाजू सोडून द्या. तिथं नसा कातडीजवळून जातात. गळ्याभोवती टेप कधीच नको. नाकातोंडावरही नको.

कात्री उशाशी हवी, कपाटात नाही. दवाखान्यात बँडेज कापायला वापरतात तशी, बोथट टोकाची. मधूनमधून बोटं हलवायला सांगा, हाताला हात लावून बघा. बोटं गार पडली, निळसर झाली किंवा मुंग्या आल्या, तर सोडवत बसू नका, सरळ कापा. टेपचे पैसे परत मिळवता येतात. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून जायचं नाही, दारावर कुणी आलं तरी.

एक गोष्ट बायाबापड्यांना मुद्दाम सांगते. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तरी अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती ती बलात्कार धरत नाही. ही सूट अन्यायाची आहे. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचारच आहे. तुम्हाला मनाविरुद्ध बांधलं जात असेल, तर त्याला खेळ म्हणू नका. 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावा.

आणि राजीखुशीनं झालं तरी चूक होऊ शकते. टेप काढल्यावर हात चोळून, पाणी पाजून थोडा वेळ जवळ बसा. बधिरपणा गेला नाही, मनगट वर उचलता येईना किंवा पाऊल लोंबायला लागलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. तिथं पडलो, झडलो असं काही सांगू नका. कुठं बांधलं होतं आणि किती वेळ, एवढं डॉक्टरांना खरं सांगा. कोणती नस दबली ते त्यावरूनच त्यांना कळतं.